भावाची दाढी

माझे बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. तिथे कामावर गॅसचा मास्क लावावा लागे, आणि गालावर खुंट असले की तो चेहऱ्याला घट्ट बसत नसे. गेटवर सुपरवायझर हनुवटीवरून बोट फिरवून बघायचा आणि दाढी लागली तर घरी पाठवायचा. बदलापूरजवळच्या सोनिवलीतल्या आमच्या घरात मात्र आईचे नियम वेगळे. शनिवारी दाढी करायची नाही, एकादशीला नाही, अमावस्येला तर वस्तऱ्याला हातही लावायचा नाही. बाबा त्या दिवशीही आरशासमोर उभे राहून गाल तासायचे आणि मग देवासमोर कान पकडायचे. म्हणायचे, "पोटासाठी करतो, माफ कर."

गुळगुळीत गाल म्हणजे माणूस कामावर आहे, शुद्धीत आहे, आपल्यातला आहे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माझा मोठा भाऊ दाढी वाढवून घरी आला तेव्हा काय होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

भाऊ उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. हात चांगला, पण दारू भयंकर. त्याला दोनदा नाल्याच्या कडेवरून उचलून आणलेलं मी पाहिलं आहे. शेठ त्याला काढून टाकू शकला असता. त्याऐवजी तो भावाला रोज संध्याकाळी आपल्याबरोबर दरबारात, म्हणजे सिंध्यांच्या गुरुद्वारात, घेऊन जाऊ लागला. तिथे गुरुग्रंथाचा पाठ होई, मग लंगर. भाऊ आधी जेवणासाठी बसायचा, मग पाठासाठी. एक दिवस त्याने दारू सोडली. सोडताना त्याने तिथे माथा टेकून सांगितलं की आजपासून केसाला कात्री लावणार नाही. शेठ स्वतः रोज दाढी करणारा माणूस, तो म्हणाला, "अरे, एवढं कशाला? तुला कोणी सांगितलं?" भाऊ म्हणाला, "मला काहीतरी धरून ठेवायला पाहिजे. नाहीतर मी परत पिणार."

मला हे त्याने नंतर सांगितलं. बाबांना सांगायची संधी त्याला मिळाली नाही. डोक्याला केशरी पटका आणि छातीपर्यंत दाढी, असा तो अंगणात आला. बाबा ओट्यावरून उठले, त्याच्यापर्यंत गेले आणि त्यांनी दाढी मुठीत धरली. तसंच ओढत त्याला तुळशीपासून फाटकापर्यंत नेलं. भावाचं अंग बाबांच्या दुप्पट. त्याने एका हाताने झटकलं असतं तरी बाबा पडले असते. तो वाकून त्यांच्यामागे फरफटत गेला. फाटकाशी बाबांनी चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारत सुटले.

"मिया झालास? सरदार झालास? कोन झालास तू?"

"बाबा, दारू सोडली मी."

"त्यापरीस पीत होतास तो बरा होतास!"

हे वाक्य बाबांचं होतं, आणि ते त्यांनी शुद्धीत म्हटलं. भावाच्या हनुवटीजवळचा केसांचा झुपका मुळासकट निघाला होता, तिथून रक्त गळत होतं. तो कॅम्प पाचला परत गेला. त्या वर्षी तो गणपतीलाही आला नाही.

मग बाबांचं फुप्फुस गेलं. कंपनीतून निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. माझं सासर अंबरनाथचं, मीही एमआयडीसीत पॅकिंगला जाते, त्यामुळे मला रोज येणं जमेना. एक दिवस मी पोहोचले तर भाऊ खाटेपाशी बसला होता. आईने बोलावलं होतं की तो आपणहून आला, मी विचारलं नाही. तो बाबांच्या गालाला साबण लावत होता. बाबांना श्वास पुरत नव्हता, पण खुंट सहन होत नव्हते. छातीवर रुळणारी स्वतःची दाढी खांद्यावर टाकून भाऊ त्यांची दाढी करायचा. मानेवरून वस्तरा फिरवताना आपलाही श्वास धरून ठेवायचा. बाबा डोळे मिटून गाल पुढे करत.

असंच एकदा चाललं असताना बाबा म्हणाले, "माझ्यामागं तरी काढशील ना?"

भावाने वस्तरा पाण्यात धुतला, पुसला, दुसऱ्या गालाला लावला. उत्तर दिलं नाही. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, तेव्हा दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं. पुढे जे झालं ते इथूनच सुरू झालं.

बाबा गेले. अंगणात बायकांनी आईला मधे बसवलं, तिचं कुंकू पुसलं, दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात घुसली. कोणी तिला विचारलं नाही, आणि तिनेही हात मागे घेतला नाही.

दहाव्याला आम्ही उल्हास नदीवर गेलो. आमच्यात बायकाही घाटावर जातात. न्हावी झाडाखाली बसला. काकाने डोकं केलं, मिशी काढली, त्याच्या दोन्ही मुलांनीही केलं. भावाचा नंबर आला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मी आंघोळ करतो, पिंड देतो, सांगाल ते सगळं करतो. केस नाही."

भटजींनी खांदे उडवले. "करणाऱ्याची इच्छा. मी काय सांगणार?"

काका त्याच्याकडे बघत राहिला.

पिंड मांडले. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. समोरच्या आंब्यावर कावळे होते. एकही खाली येईना. ऊन चढत गेलं. मग नेहमी होतं तसं एकेक जण हात जोडून पुढे जाऊ लागला. मी म्हणाले, "बाबा, आईला आम्ही बघू." चुलतभाऊ म्हणाला, "मोठे काका, घराचं राहिलेलं काम पुरं करू." कावळे हलले नाहीत. बायका कुजबुजायला लागल्या. सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळत होते.

काकाचा चेहरा काळवंडला होता. बाबांनी त्याला पोरासारखं वाढवलं होतं. आपला भाऊ असा तिथेच भुकेला लटकत राहणार, याची त्याला खरोखर भीती वाटत होती. ते ढोंग नव्हतं. तो गुडघाभर पाण्यात गेला आणि ओरडला, "दादूस, तुझ्या पोराची दाढी काढतंय मी! आता ये, शिव!"

आणि एक कावळा वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आला.

बस्स. एवढंच झालं. पण बघणाऱ्यांच्या तोंडून "अगो बाय" असा एकच आवाज निघाला, आणि काका पाण्यातून धावत सुटला.

दोन्ही चुलतभावांनी भावाला मागून धरलं. गावातले आणखी दोघे पायांवर बसले. त्यांनी त्याला घाटाच्या पायरीवर पाठीवर पाडलं. डोकं दगडावर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. पटका सुटून पाण्यात गेला, केस मोकळे झाले, आणि काकाने ते मनगटाभोवती गुंडाळून त्याचं डोकं मागे खेचलं.

"वस्तरा आन!"

न्हाव्याने वस्तरा पाठीमागे धरला. "अशी जबरदस्तीनं मी करणार नाय, बुवा."

काकाने त्याच्या कानाखाली मारली आणि वस्तरा हिसकावला. पाणी नाही, साबण नाही. त्याने कोरडाच वस्तरा भावाच्या उजव्या कानापासून खाली ओढला. केसांचा एक पट्टा निघाला. दुसऱ्या वेळी भावाने मान वळवली, आणि वस्तरा कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत आत गेला.

रक्त एवढं आलं की क्षणभर दाढीच दिसेना. तरी काकाचा हात थांबला नाही. तो रडत होता आणि वस्तरा ओढत होता. "शब्द दिलेलास! बापाला शब्द दिलेलास!"

"नव्हता दिला," भाऊ म्हणाला. तोंडात रक्त गेल्यामुळे ते शब्द बुडबुड्यांसारखे आले. "नव्हता दिला, काका."

माझ्या हाताशी पाण्याने भरलेला पितळी तांब्या होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि काकाच्या तोंडावर मारला. एकदा मारला, तो वळला तेव्हा परत मारला. त्याचा पुढचा दात तुटून ओठात रुतला. धाकट्या चुलतभावाने मला केसांना धरून खाली पाडलं, तेव्हा मी त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला आणि कोणीतरी पाठीत लाथ घालेपर्यंत सोडला नाही. तोंडात त्याच्या रक्ताची चव आली. मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटत होतं. आईच्या बांगड्या फुटल्यापासून आत जे साचलं होतं, त्याला जागा मिळाली होती.

या गडबडीत भावाचा एक हात सुटला. त्याने काकाचं मनगट पकडून पिळलं, वस्तरा पडला, तो भावाने उचलला आणि उभा राहिला. अर्धी दाढी, अर्धं रक्त, मोकळे केस, हातात पातं. सगळे मागे सरले. काका पायरीवर बसून होता, तोंड दाबून. भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. तो किती वेळ उभा होता मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता हा मारणार. मला हेही आठवतं की मी त्याला थांबवायला उठले नाही.

त्याने वस्तरा नदीत फेकला.

पिंडांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. नंतर पाहिलं तर पत्रावळ उलटी पडली होती आणि भात पायांखाली चिखल झाला होता.

रिक्षाने आम्ही बदलापूरच्या दवाखान्यात गेलो. काकालाही त्याच्या मुलांनी तिथेच आणलं. एकाच बाकाच्या दोन टोकांना ते दोघे बसले होते. डॉक्टर म्हणाले, टाके घालायचे तर बाजूचे केस काढावे लागतील. मी भावाकडे बघितलं. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "जखमेपुरते काढा." नर्सने काळजीपूर्वक तेवढेच काढले. त्याने ते रुमालात घेतले आणि गाठ मारून मुठीत धरले.

हवालदार आले. "कोणी मारलं?"

"वस्तरा लागला," भाऊ म्हणाला.

"खोटं!" मी ओरडले. "त्या माणसाने मारलं. तो बघा, तिथे बसलाय. आणि त्याला मी मारलं, तेही लिहा."

हवालदाराने आम्हा सगळ्यांकडे बघितलं. सुतकातली माणसं, तासलेली डोकी, ओले कपडे. "ताई, पेशंट बोलेल ते मी लिहिणार. घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा."

घरी आल्यावर आईने भावाची पट्टी पाहिली. नवरा गेलेल्या बाईने महिनाभर उंबरा ओलांडायचा नसतो. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि भर दुपारी सगळ्या आळीसमोरून चालत काकाच्या ओट्यावर गेली. मी मागे धावले. काका खाटेवर पडला होता, ओठ सुजलेला.

आई म्हणाली, "माझ्या पोराचं रक्त दहाव्याच्या पाण्यात सांडलंस. आता तुझा दादूस कुठं पोचला, ते सांग मला."

काका उठून बसला. त्या फुटलेल्या तोंडाने लहान पोरासारखा म्हणाला, "वयनी, कावला येत नव्हता गो."

आईने हात उगारला. मनगटावर काचेची जखम अजून ओली होती. मग तिने त्याच्या थोबाडीत मारली, इतक्या जोरात की काकी आतून धावत आली. काकाने गाल चोळला नाही. आई परत फिरली आणि आल्या वाटेने घरी गेली.

भावाची दाढी वाढली. जखमेवर केस येत नाहीत, तिथे पांढरा पट्टा आहे. त्यामुळे कॅम्प पाचमध्ये लोकांना वाटतं तो फौजेत होता. बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षावाले त्याला कधी पाजी म्हणतात, कधी चाचा. एकदा कोणीतरी त्यावरून त्याला धक्काही दिला. त्याने फक्त पटका सारखा केला. दारूला तो पुन्हा शिवला नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धाला काका आला. भटजी नवीन होते. त्यांनी भावाकडे बघून विचारलं, "यजमानांचं क्षौर झालेलं नाही?" मागून काका म्हणाला, "त्याला इचारू नका. तुमी पुढं चला." दात नसल्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत, पण सगळ्यांनी ऐकले. जेवताना भावाने स्वतःच्या हाताने काकाच्या पानात भात वाढला. काका मान खाली घालून जेवला.

भाऊ मला म्हणतो, सोड आता. त्याला सोडता येतं, त्याच्याकडे धरायला दुसरं काहीतरी आहे. माझ्याकडे तसं नाही. कोणी उजवा हात धरला, कोण पायावर बसलं, ते मला अजून पाठ आहे. हळदीकुंकवाला त्यांच्या बायका समोर आल्या की तेच दिसतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी निघाले तेव्हा काका फाटकापर्यंत आला. "ऊन हाय गो बाय. पोराला गाडी काढाला सांगतंय, स्टेशनपर्यंत सोडंल."

पोरगा म्हणजे तोच, ज्याचा अंगठा मी चावला होता. तो चावी घेऊन उभाही राहिला होता.

"नको," मी म्हणाले आणि चालत निघाले.