निपाणीचा लिंगाप्पा कोच

हाफ टाइमला आम्ही चार गोल खाल्ले होते. ग्राउंड बेळगावच्या कॅम्पातलं, समोर पलटणीची टीम. मी आमच्या गड्यांना लिंबाच्या फोडी वाटत होतो. तेवढ्यात दोरीपलीकडून एक चिनी माणूस म्हणाला, "मास्टर, आपका सेंटर फॉरवर्ड बहुत अच्छा है. उसको हटा दो."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मॅच आम्ही सात शून्यनं हरलो.

मी निपाणीच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो. कवायत आणि मलखांब शिकवणं माझं काम. तंबाखूच्या वखारीतल्या हमालांची फुटबॉल टीम ही वखारीचे मालक आप्पासाहेब यांची हौस. पण आप्पासाहेब शाळेच्या कमिटीवर होते, त्यामुळे तेही माझंच काम.

सेंटर फॉरवर्ड म्हणजे आघाडीला मधोमध खेळणारा, गोल मारायची जबाबदारी असलेला गडी. आमचा सेंटर फॉरवर्ड सर्जेराव, आप्पासाहेबांचा भाचा. बॉल पायाला चिकटल्यासारखा पळायचा. तिघांना चकवायचा आणि चौथा त्याच्याकडून बॉल काढून घ्यायचा. तोवर आमचे बाकीचे दहा जण कमरेवर हात ठेवून उभे.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी बोलावून घेतलं.

"मास्तर, हरायचं हे तिसरं साल. पुढच्या सालीबी असंच झालं तर टीम बंद. आणि तुमचंबी बघावं लागंल."

त्या चिनी माणसाला मी ओळखत होतो. रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा तो चालत हिंदुस्थानात आला होता. निपाणीत त्यानं दात बसवायचं दुकान काढलं होतं. तंबाखूच्या गावात त्या धंद्याला मरण नव्हतं. नाव लिन. गावानं त्याचा लिंगाप्पा केला होता, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

मी दुकानात गेलो. भिंतीवर एका फुटबॉल टीमचा फोटो होता. मधल्या गड्याच्या पायाशी बॉल.

"हे तुम्ही?"

"मी. हाँगकाँग. आठ साल खेला. फिर रंगून. उधर गुडघा गेला." त्यानं गुडघ्यावर थाप मारली. "गुडघा गया, आँख नहीं गया. गोदीवाल्यांची टीम शिकवली. दोन साल कोच. मग लढाई."

"आमच्या टीमला शिकवाल?"

"शिकवीन. लेकिन शिटी मला पाहिजे."

बारा वर्षं ती शिटी माझ्या गळ्यात होती. काढून देताना एखादा दात उपटल्यासारखं वाटलं. पण दिली.

लिंगाप्पानं वखारीच्या अंगणात दोरीनं लहानसा चौकोन आखला. आत पाच जण. तिघांनी एकमेकांत बॉल फिरवायचा, दोघांनी तो हिसकावायचा. एकानं बॉल पायाला दोनदाच लावायचा, तिसऱ्यांदा लावला की शिटी. जवळच्या गड्याला हळू, जमिनीवरून बॉल द्यायचा, याला शॉर्ट पास म्हणतात. मी गड्यांना आजवर एकच शिकवलं होतं, जोरात मारा आणि पळा.

दुंडाप्पा हमाल दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मास्तर, हे तर पोती देण्यागत हाय! एकानं उचलायचं, दुसऱ्यानं घ्यायचं. डोस्क्यावर घिऊन नाचायचं न्हाय."

हमालांना आठवड्यात जमलं. सर्जेरावला महिना झाला तरी जमेना. मग लिंगाप्पानं त्याला मागं, हाफ बॅकच्या जागेवर टाकलं. म्हणजे गोल मारायचा नाही, पुढच्यांना बॉल पुरवायचा. सेंटर फॉरवर्ड झाला दुंडाप्पा. सर्जेराव तडक मामाकडे गेला.

"माझ्या भाच्यानं हमालाला बॉल पुरवायचा व्हय, मास्तर?"

"व्हय, आप्पासाहेब."

"हे त्या चिनी डाक्तरचं डोस्कं. त्याला काढा."

मी बोललो, "टीम त्याच्या हातात मी दिलीया. काढायचं तर मला काढा. पण मॅच झाल्यावर."

आप्पासाहेबांनी पानाला चुना लावला. म्हणाले, "मॅच झाल्यावर बघू."

वर्षानं पुन्हा तेच ग्राउंड, तीच पलटण. त्यांच्या पायात बूट, आमचे अनवाणी. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी गोल घातला. आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिंगाप्पाकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून मॅच बघत होता.

"अहो, काहीतरी ओरडा की!"

"मेरा काम खतम. अब उनका काम."

मग बॉल फिरू लागला. दुंडाप्पाकडून डाव्या बाजूच्या रसूल हमालाकडे, रसूलकडून सर्जेरावकडे, पुन्हा दुंडाप्पाकडे. शिपाई बॉलमागं धावत होते, आणि ते पोचेपर्यंत बॉल तिथं नसायचा. हाफ टाइमनंतर त्यांना धाप लागली. रसूलनं एक गोल फेडला. बाजारातून मॅच बघायला आलेले लोक दोरी ओलांडून आत आले, त्यांना मागं रेटावं लागलं.

शेवटची पाच मिनिटं. सर्जेरावला मोकळी वाट मिळाली. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. तिसरा समोर आला. मी डोळे मिटायच्या बेतात होतो.

"दे रं!" दुंडाप्पा ओरडला.

सर्जेरावनं दिला. दुंडाप्पानं अनवाणी पायानं असा हाणला की गोलकीपर जागचा हलला नाही. दोन एक!

शिटी झाली तसे हमाल एकमेकांच्या अंगावर पडले. आप्पासाहेब फेटा हातात घेऊन नाचत होते. सर्जेराव दुंडाप्पाच्या खांद्यावर होता. आणि लिंगाप्पा, जो कधी हसला नव्हता, तो गुडघा धरून रडत होता. "रंगूननंतर पहिली मॅच जिंकली," एवढंच म्हणाला.

पलटणीचा कॅप्टन माझ्याकडे आला. "वेल डन! तूच कोच ना?"

हो म्हणणं सोपं होतं, मॅचपुरती शिटी लिंगाप्पानं माझ्याच गळ्यात घातली होती. पण मी लिंगाप्पाला पुढं केलं. "कोच हे."

माझी नोकरी टिकली. आप्पासाहेबांनी स्वतःचे दातही लिंगाप्पाकडूनच बसवून घेतले. महिन्याभरात कॅप्टननं लिंगाप्पाला चांगल्या पगारावर कॅम्पात कोच म्हणून नेलं. फाळणीआधी पलटण हलेपर्यंत तो तिथंच होता, आणि त्याच्या हाताखालच्या टीमनं पुढच्याच वर्षी आम्हाला तीन शून्यनं हरवलं.

सर्जेराव म्हणतो, कोचचं नाव सांगायलाच नको होतं. मी म्हणतो, सांगावं. फक्त आधी कोचकडून पुढच्या सालाचा करार लिहून घ्यावा.