पाहुण्याला दिलेलं बियाणं

दर वर्षी बियाण्यासाठी दुकानदारापुढं तोंड वेंगाडायला नको, म्हणून मढमधल्या आम्ही बायकांनी गावातली जुनी भातं जपायला घेतली. एकदा गाडीतून एक पाहुणा आला. लई कौतुक केलं त्यानं. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, म्हणून आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं ओंजळभर बियाणं त्याच्या रुमालात बांधलं. जाताना त्यानं कार्ड दिलं. बियाणं कंपनीचं! उद्या हेच भात पिशवीत भरून आम्हालाच विकलं तर? मी बाईवर खेकसले. ती म्हणाली, "मी नुसती ओंजळ दिली. कधी पेरायचं, कसं लावायचं, ते चिठ्ठीवर कुणी लिवून दिलं?"

चिठ्ठी मीच लिहिली होती. त्यानं न मागता, चांगल्या वळणदार अक्षरात.