सांधे कोण खातंय?

आमच्या थोरल्या ताईला सगळं घर फौजदारीण म्हणतं, आणि तिच्या तोंडावर म्हणतं. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट एखाद्या दिवशी कुणी म्हटलं नाही, तर हे आज एवढे गोड का वागताहेत म्हणून तिला संशय येतो. शेजारीण हसली की काहीतरी मागायचं असणार. दुकानदाराने ‘बसा’ म्हटलं की माप मारलेलं असणार. लग्न ठरल्यावर भावोजींनी तिला घड्याळ दिलं, तर आधी कानाला लावून पाहिलं आणि विचारलं, “बंद पडत होतं म्हणून दिलंत का?” भावोजी पडले भोळे सांब. हसत बसले.

भावोजींचा धंदा टाइल्सचे सांधे भरायचा. काळे पडलेले, भुसभुशीत झालेले सांधे खरवडून काढायचे, फटी झाडून साफ करायच्या आणि नवं ग्राउट, म्हणजे फटीत भरायची सिमेंटची पावडर, पाण्यात कालवून रबरी पट्टीने दाबून बसवायचं. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं! पण सगळी मेख त्या कालवण्यात आहे. पाणी जरा जास्त झालं की सांधा सुकताना चिरतो, नाहीतर पुढे पीठ होऊन झाडूबरोबर निघून जातो. हे कालवायचं काम ताईचं. भावोजींनी तिच्या बादलीत कधी डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगायचे, “मिश्रण बायकोच्या हातचं आहे. टाइल फुटेल, सांधा हलणार नाही!” जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारी आमची ताई स्वतःच्या हातावर मात्र कधी संशय घेत नव्हती. घ्यायचं कारणच नव्हतं.

मग ते बाथरूम आलं.

मोठी इमारत होती, दुसऱ्या मजल्यावरचं घर. नवरा, बायको आणि नवऱ्याचे म्हातारे वडील. वडील पूर्वी बस चालवायचे, आता काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरायचे. या घरचं काम टिकलं तर सगळ्या इमारतीतली बाथरूम भावोजींकडे, असं ठरलं होतं. भावोजी तर हवेतच होते.

थोड्याच दिवसांत त्या घरच्या सुनेचा फोन. सांधे गेले.

ताईने जाऊन पाहिलं. कमोडच्या भोवतीचे आणि तिथून पाण्याच्या जाळीपर्यंतचे सांधे पार खाल्ल्यासारखे झाले होते. बोट फिरवलं की वाळू हाताला. आणि भिंतीवरचे? टणक. नखसुद्धा लागेना. तिच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

“मिश्रण वाईट असतं तर भिंतीवरचं काय दुसऱ्या बादलीतलं होतं?” तिने सुनेला विचारलं.

“ते तुम्हालाच माहीत,” सून म्हणाली.

झालं! हे वाक्य ताईच्या डोक्यात जे जाऊन बसलं ते उठेना. त्या दिवशी भावोजींनी हात जोडून सांधे फुकट भरून दिले आणि ही मात्र घरी येऊन माझ्यासमोर तणतणत बसली. “पाणी कुठेतरी मुरतंय,” म्हणाली. आधी पावडरवाल्या दुकानदारावर संशय. त्याच्या दुकानात पोतं उघडायला लावून पावडर बोटांत चोळून पाहिली, चार गिऱ्हाइकांसमोर. मग पलीकडच्या रस्त्यावरचा दुसरा फरशीवाला. इमारतीचं काम त्याला हवं होतं, म्हणजे तोच येऊन खरवडत असणार!

“अगं, तो दुसऱ्याच्या बाथरूममध्ये शिरणार कसा?” मी म्हटलं.

“तू गप्प बस. तुला जग कळत नाही.”

सांधे पुन्हा गेले. तेच, तेवढेच. आता तिचा सगळा रोख सुनेवर. कमोडजवळ वाकून तिने वास घेतला. फिनेल होतं, पण फिनेलच्या खाली आणखी काहीतरी होतं, नाकाला झोंबणारं. अ‍ॅसिड! अ‍ॅसिडने सिमेंटचं ग्राउट खाल्लंच जाणार. तिने सुनेला सगळ्या बाटल्या बाहेर काढायला लावल्या. साबणाची पावडर, फिनेल, बस्स. सुनेचं तोंड लाल झालं. “आमच्या घरात अ‍ॅसिड येत नाही. स्वतःचं पाप झाकायला माझ्या कपाटात कशाला शिरता?” आणि भावोजी, आमचे भावोजी, त्या बाईची माफी मागत होते! मला हे ऐकून इतका राग आला की विचारू नका. निदान त्यांनी तरी बायकोची बाजू घ्यायची की नाही?

तिसऱ्या खेपेला सुनेने चावी आजोबांकडे ठेवली होती. नवराबायको जेवायच्या वेळेला येणार होते. सांधे खरवडून झाले, भावोजी पावडर आणायला खाली उतरले, आणि ताई फरशी पुसत असताना तिला आजोबा दिसले. बाल्कनीतून येत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॉवेलची गुंडाळी, आणि ती गुंडाळी छातीशी अशी धरलेली, की फौजदारणीला दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

“आजोबा, काय आहे त्यात?”

“काही नाही. टॉवेल.”

तिने सरळ हात घातला. अ‍ॅसिडची बाटली.

“सापडला चोर!” ती ओरडलीच. “माझ्या मिश्रणाची बदनामी चाललीय गावभर, आणि तुम्ही इथे ही बाटली कवटाळून बसलाय? येऊ द्या तुमच्या मुलाला!”

म्हातारा माणूस मटकन खुर्चीत बसला. आणि रडायला लागला.

“नेम राहत नाही गं पोरी आता,” म्हणाला. “जाऊन आलो की फरशीवर पडलेलं असतं. वास येतो. सून बोलत नाही, नाकाला रुमाल लावते. मुलाने थोरल्या भावाशी मला तिकडे पाठवायचं बोलणं काढलंय. थोरल्याकडे होतो मी आधी. जिन्याखाली खाट टाकून दिली होती, कुणी दिवसभर बोलायचं नाही. पुसायला वाकता येत नाही मला, म्हणून हे ओततो. वॉचमनकडून मागवून घेतो. ही बाटली सापडायची खोटी, की मला तिकडे पाठवलंच.”

ताईचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. अंगठ्याची आणि बोटांची कातडी सोलून निघाली होती. अनवाणी उभा राहून ओतत होता बिचारा.

“अहो, पाय जाळून घेतलेत की! अक्कल कुठे गहाण टाकलीत?” ती चिडली, पण आवाज खाली आला होता. “बसून करत जा. बसमध्ये जन्मभर बसूनच होतात ना? आणि साबणाचं पाणी ओतायचं नुसतं. हे परत हातात दिसलं तर बघा.”

तेवढ्यात दार वाजलं. मुलगा, सून आणि मागून पावडरची पिशवी घेतलेले भावोजी, तिघं एकदमच. ताईने बाटली आपल्या बादलीत टाकून वर ओलं फडकं टाकलं.

“आज मला कारण हवंय,” मुलगा म्हणाला. “वरच्या मजल्यावरचे रोज विचारतात. काय सांगू त्यांना?”

आजोबा खाली बघत होते. आणि कारण ताईच्या बादलीत होतं. फडकं उचलायचा अवकाश, तिची सगळी बदनामी धुऊन निघाली असती.

“पाणी माझ्याकडून जास्त पडलं,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा.”

“मला वाटलंच होतं,” सून म्हणाली.

ताईने ऐकून घेतलं. आमच्या ताईने! मग म्हणाली, की आता साधं ग्राउट नको, एपॉक्सी भरून देते, दोन डब्यांतलं एकत्र करून लावतात ते, त्याला काही होत नाही. भरून दिलं. ते सांधे अजून जागच्या जागी आहेत, आणि आजोबाही. इमारतीचं बाकीचं काम त्या पलीकडच्या फरशीवाल्याला मिळालं.

हे तिने फक्त मला सांगितलं. मी चांगली भांडले तिच्याशी. “निदान भावोजींना तरी सांग!”

“त्यांच्या पोटात काही राहतं का? पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगतील. फिरत फिरत त्या घरी जायला कितीसा वेळ?”

भावोजी तिला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या कामाला त्यांनी फक्त तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाले, “राहू दे, पाणी मी घालतो.”

मागे माझ्या घरचे सांधे भरायला दोघं आले होते. भावोजी कालवत होते, ताई दाराशी उभी. मला काय कळतंय त्यातलं, पण तिचं तोंड पाहून कळलं की पाणी जास्त झालंय. शेवटी न राहवून ती म्हणाली, “अहो, थोडी पावडर टाका.”

“तू नको सांगूस मला,” भावोजी म्हणाले. रागावून नाही, अगदी समजुतीने.

ताई माझ्याकडे बघून हसली, आणि स्पंज भिजवायला आत गेली.