प्रत्येक पानावर जुना पत्ता

ओल्या खोबऱ्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. जालन्यातल्या एका बियाणेवाल्या शेठजींची वेबसाइट मी बनवली होती. पाडव्याला उद्घाटन होतं. बदनापूर, हसनाबादचे दुकानदार सतरंजीवर बसलेले, मॉनिटरला हार, त्यावर शेठजींनी आधीच उघडून ठेवलेलं साइटचं पहिलं पान, पुढ्यात फोडलेला नारळ. मी पहिली लिंक दाबली आणि पान सापडत नसल्याचा इंग्रजी मजकूर आला. दुसरी दाबली, तेच. शेठजी शांतपणे म्हणाले, "आमचे पत्रिकावाले महाराज म्हणले, साइटचं नाव बराबर न्हाई. मंग काल नाववाल्या कंपनीला फोन करून बदलून घेतलं, जुनं बंद केलं." मला न विचारता. माझ्या चाळीस पानांवरच्या लिंका जुन्या नावानंच लिहिलेल्या. "मला सांगायचं तरी," मी सगळ्यांदेखत ओरडलो. ते म्हणाले, "आम्ही दुकान हलवलं तवा जुन्या दाराला नव्या पत्त्याची पाटी टांगली. एक गिऱ्हाईक चुकलं न्हाई. तू काय लावलं?" दुकानदार हसले. मी प्रसाद न घेता निघालो. साइटचा पत्ता एकाच जागी लिहून सगळ्या पानांना तिथून घ्यायला लावायचा, हे मला तेव्हाही येत होतं. कंटाळा केला होता. शेठजींना मी अजून माफ केलेलं नाही, कारण त्यांनी माझा तो कंटाळा चारचौघांत ओळखला.