थोट्याची पोरगी

माझ्या बाला चांगलं नाव होतं. बारशाला त्याच्या आत्यानं कानात सांगितलेलं, देवाचं. वाशीमच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रात कापूस घालताना त्याचा उजवा हात कोपरापासून गेला, आणि महिन्याभरात ते नावही गेलं. गल्लीनं त्याला थोटा करून टाकलं. हात यंत्रानं नेला, यंत्रावर काय रागवायचं? नाव मात्र माणसांनी नेलं, तेही हसत हसत.

मला शाळेत घालायची हौस बाचीच. पण त्या दिवशी त्याला जिनात चौकीदारीवर जावं लागलं, म्हणून माय मला घेऊन गेली. सोबतीला शेजारची काकू. मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. माय पदर तोंडाशी धरून गप्प. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि उखाण्यात घ्यायला तिथं काही हळदीकुंकू नव्हतं. मास्तर टाक शाईत बुडवून थांबलेले. शेवटी काकू, तिच्या जिभेला मुळी हाडच नाही, म्हणाली, "थोट्याची पोरगी हाय, लिवा."

आमच्याकडे पोर जगावं म्हणून दगड, उकिरडा अशीही नावं ठेवतात. परमुलखातून आलेल्या मास्तरांना थोटा हेही तसलंच ठेवलेलं नाव वाटलं. त्यांनी लिहिलं. माय बघत होती. नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी भागलं असतं.

मग रोज हजेरीत माझ्या नावापुढे ते यायचं, आणि पोरं एक हात सदऱ्यात लपवून मला दाखवायची. बा नाव दुरुस्त करून घ्यायला गेला तर मास्तर म्हणाले, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.

घरी येऊन त्यानं मायला विचारलं, "काहून नाई बोलली तू?"

"नाव घेतलं त नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हन्तात."

"मंग तू थोट्याचं वाढवलं. माहं नाई."

शाळेतल्या त्या गप्प राहण्यासाठी मी मायला कधी माफ केलं नाही, आणि आता या वयात करायचं सोंगही आणणार नाही.

बा त्यानंतर तीन वर्षांनी तापानं गेला. अंगणात तिरडी बांधत होते, तेव्हा मायनं जन्मात पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन हंबरडा फोडला. काकू माझ्या शेजारी बसली होती. तिनं हळूच मला विचारलं, "कोनाले हाका मारून राह्यली वं तुही माय?"