वेट कुठंय, माय?

गायकवाड सर कुणाचाही प्रोग्राम शेवटच्या ओळीकडून वाचायला घ्यायचे. लातूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते लिनक्सची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. पाठीमागून यायचे, चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनवर वाकायचे आणि म्हणायचे, "फोर्क केलंस, लेकरू पैदा झालं. वेट कुठंय, माय?"

फोर्क म्हणजे चालू प्रोसेसने, म्हणजे धावत्या प्रोग्रामने, आपल्यासारखीच दुसरी प्रोसेस जन्माला घालणं. वेट म्हणजे ती संपेपर्यंत पालक प्रोसेसने थांबणं आणि कशी संपली ते विचारून घेणं. मी हिमायतनगरहून आलेली. इंग्रजी पुस्तकातलं निम्मं डोक्यावरून जायचं. नाही थांबलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं.

"माणूस गेला तरी रेशनकार्डावरलं नाव आपोआप कमी होतंय का?" सर म्हणाले. "घरच्यालाच तहसीलला जावं लागतंय. हितं घरचं माणूस म्हंजे पालक. तो गेला न्हाई, तर मेलेलं नाव यादीत तसंच." पुस्तकात अशा प्रोसेसला ‘झोंबी’ म्हटलं होतं. मला ती त्या दिवशी कळली.

तिसऱ्या वर्षी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दुपारी, माझा फोर्क चुकून लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या ओळींत, पडला आणि लेकरांना थांबवणारी ओळ राहून गेली. एकाचे दोन, दोनाचे चार. सगळ्या वर्गाचं काम एकाच सर्व्हरवर चालायचं. बघता बघता सगळे पडदे गोठले. कुणी काही सेव्ह केलेलं नव्हतं. विभागप्रमुख धावत आले. "बंद करून चालू करा, गायकवाड!"

सर सर्व्हरच्या बटणासमोर आडवे उभे राहिले. "धा मिनिटं द्या, सर. लेकरांचं काम जाईल."

मी रडतच, सरांनाच दिसेल एवढा हात वर केला. ओरडतील असं वाटलं होतं. ते स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या खात्यातनं निघालंय, तर तूच आवर. एकेक मारू नको. एक मारलं की दुसरं जागा घेतंय. आधी सगळ्यांला जागच्या जागी थांबीव. मग काढ." एकेक अक्षर उमटायला युग लागत होतं. दोनच आज्ञा होत्या. दुसरी दिली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आलं! माझं आलं!"

"कुणाचा प्रताप हा?" विभागप्रमुखांनी विचारलं. मी उठणार तेवढ्यात सर म्हणाले, "एका खात्यातनं किती प्रोसेस निघाव्यात, त्याची मर्यादा मी लावायची असती. लावली नव्हती."

त्यांना मेमो मिळाला. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "मी काय खोटं बोललो का? तुझी चूक येगळी, माझी येगळी."

निवृत्तीनंतर ते आपल्या गावी, चाकूरला राहू लागले. मी नांदेडला घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांचा फोन आला. "कंटेनरबद्दल वाचायलोय. एक अडलंय." कंटेनर म्हणजे एकाच मशीनच्या आत प्रोग्रामला दिलेली बंदिस्त खोली, जिची प्रोसेसची यादीही वेगळी. पालक आधी संपला तर पोरकी प्रोसेस मशीन चालू होताच सुरू होणाऱ्या एक नंबरच्या प्रोसेसकडे जाते आणि तीच पुढे तिचं नाव यादीतून काढते, असं त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. "मग कंटेनरमधी एक नंबर कोण?"

"आपण पहिल्यांदा चालू केलेला प्रोग्रामच, सर. त्यात ती सोय लिहिली नसेल, तर नावं कुणीच काढत नाही."

सर म्हणाले, "म्हंजे तुम्हाला मी अर्धंच शिकवलं की."

"तेव्हा कंटेनर कुठं होते, सर, आपल्याकडे?"

"ते खरं. पण तुम्ही अजून तेच धरून बसला असाल ना."

दिवाळीच्या आधी सर गेले. श्रद्धांजलीला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आम्ही जुने दहा-बारा जण चाकूरला त्यांच्या मांडवाबाहेर उभे होतो. मी त्या फोनबद्दल सांगू लागले, तर अर्धापूरचा इरफान म्हणाला, "मलाबी आला व्हता. ‘एक दुरुस्ती हाय, लिहून घे’ म्हणले." हळूहळू कळलं, फोन सगळ्यांनाच गेला होता.

सुनीता आमच्या वर्गातली, पण आता शाळेत मराठी शिकवते. "मी म्हटलं, सर, माझा आता प्रोग्रामिंगशी संबंधच उरला नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. लिहून घेतलं."