भावोजींचं कोळशाचं इंजिन

आज शुक्रवार. सकाळी निम्मेच वाल सोलून झाले होते, तेवढ्यात भावोजी स्वयंपाकघरात आले. "वहिनी, धूप घालायचे कोळसे आहेत? सगळे द्या."

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, शत्रुघ्न. मूळचे गुहागरकडचे, वय पंचेचाळीस, लग्न केलं नाही. इथे कुवेतमध्ये, मंगफला, आमच्याकडेच राहतात आणि एसीचे डक्ट, म्हणजे हवा नेणारी पत्र्याची नळकांडी, बनवतात. पत्रा दिसला की वाकवलाच! मार्च २००३ उजाडला आणि इराकवर हल्ला आज होतो की उद्या, या धास्तीने शेजारीपाजारी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावू लागले. भावोजींची चिंता वेगळी. नव्वद साली इथून पळताना त्यांची गाडी पेट्रोलवाचून वाळवंटात अडली होती. म्हणून, पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त असलेल्या या देशात, फेब्रुवारीपासूनच ते कोळशावरचं इंजिन बनवत होते.

कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी वाचलं, की महायुद्धाच्या शेवटी जर्मनांकडचं तेल आटलं, तेव्हा त्यांनी कोळशावर चालणारं विमानाचं इंजिन करायला घेतलं. आत पंखा नाही, काही नाही. पुढून वारा शिरतो, मधल्या जाळीत कोळसा पेटतो, मागून झोत निघतो. "म्हणजे डक्टच की!" भावोजी म्हणाले. ते विमान उडलं नाही, हे पुढच्या पानावर होतं. भावोजींनी तेही वाचलं, पण मनावर घेतलं नाही.

हे इंजिन उभ्या जागी चालत नाही. वारा शिरायला आधी गाडी पळवावी लागते.

"मग पेट्रोल लागलंच की," मी म्हटलं.

"वहिनी, अपशकुन करू नका."

आमच्या यांच्या पिकअपच्या टपावर नळकांडं बांधून आम्ही वाळवंटातल्या वफ्राच्या रस्त्याला लागलो. नवं यंत्र पूजेशिवाय सुरू करू नये, म्हणून मीही गेले. कुंकू लावलं, नारळ फोडला, पेटत्या कोळशावर मूठभर गुग्गुळ टाकला. गाडी एकशेदहावर गेली तसं नळकांडं घोंघावलं आणि मागून हातभर ज्वाळा निघाली.

"दादा, ढकलतंय! गाडी हलकी झाली!"

"उतार आहे रे."

"कुवेतमध्ये उतार?"

आणि समोर पोलिसांची चौकी. लढाईचे दिवस आणि टपावर धुमसणारं नळकांडं! भावोजींचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढच्या आठवड्यात नवा करायचा आहे. पोलिसाने तक्रार लिहिली की थेट गुहागर.

"वहिनी, इंजिन आहे म्हणून खरंच सांगून टाकू?"

"तोंड उघडाल तर माझी शपथ आहे, भावोजी."

पोलिसाने नळकांड्याशी नाक नेलं. "हे काय?"

"बखूर," मी म्हटलं. इथले लोक घरात धूप जाळतात, कपड्यांनाही देतात, त्याला बखूर म्हणतात. गुग्गुळ मी माझ्या हातांनी घातला होता, तेव्हा खोटं बोलल्याचं पाप नाही.

"एवढं मोठं?"

"लढाई मोठी आहे ना," हे मोडक्या अरबीत म्हणाले.

पोलिसाने डोळे मिटून कॉलर सैल केली, धूर आत घेतला, टोपीलाही दिला. मग सोबतच्या दोघांना हाक मारली. तेही शिस्तीत रांग लावून धूर घेऊन गेले. शेवटी त्याने पिकअपचा नंबर लिहून घेतला आणि दम दिला, "माझ्या बैठकीच्या खोलीसाठी असंच एक हवं. मंगळवारपर्यंत."

परवाना वाचला, पण इंजिनाची धूपदाणी झाली, हे भावोजींना फार लागलं. मंगफ आल्यावर एवढंच म्हणाले, "त्याला जाळी जरा बारीक घालावी लागेल."

उद्या सकाळी भावोजी फहाहीलला पत्रा आणायला जाणार आहेत.